बेलुगा म्हंजी काय?

माझे वडील दुसरीपर्यंत शिकले होते. अक्षरं त्यांना ओळखता यायची, पण शब्द पुरा होईपर्यंत त्यांचा धीर सुटायचा. म्हणून मी वाचायला बसलो की ते शेजारी येऊन बसत आणि नवा शब्द कानावर पडला की विचारत, "म्हंजी काय?" मी सांगितलं की मान हलवत. मला सांगता आलं नाही तर म्हणत, "मंग फुडं नको जाऊ. आदी मास्तरला इचार."

आम्ही गोडदेवचे. वडील भाईंदरच्या मिठागरात कामाला होते. घरात आम्ही सगळे त्यांना दादा म्हणायचो. संध्याकाळी ते घरी आले की उंबऱ्याबाहेर उभे राहून कपडे झटकत. आधी सदरा, मग पंच्याचा काठ, मग वाकून पोटऱ्या हाताने पुसत. घरात मीठ सांडलं आणि कोणाचा पाय पडला तर ते त्यांना चालत नसे. मग ते आत येऊन भिंतीला टेकत आणि आई कोकमतेलाचा गोळा दिव्यावर धरून त्यांच्या टाचांच्या भेगांत थेंब थेंब सोडायची. मिठाचं पाणी पायाची कातडी कशी फाडतं हे ज्याने पाहिलं नाही त्याला सांगून कळणार नाही. मी ते रोज पाहायचो, म्हणून त्यात सांगण्यासारखं काही आहे असं मला कधी वाटलं नव्हतं.

मी सातवीत असताना स्टेशनबाहेर रशियन पुस्तकांची गाडी आली होती. त्या काळी अशा गाड्या यायच्या. मराठीत छापलेली, गुळगुळीत कागदाची पुस्तकं, आणि किंमत अगदी किरकोळ. दादांनी एक पुस्तक उचललं ते त्यातल्या चित्रासाठी. निळ्या पाण्यात एक पांढराशुभ्र प्राणी होता, कपाळ फुगलेलं, तोंड हसल्यासारखं.

"ह्यो कनचा मासा?"

मी वाचून सांगितलं, "बेलुगा. देवमासा आहे. रशियाच्या वर बर्फाचा समुद्र आहे, तिथला."

"बेलुगा म्हंजी काय?"

पुस्तकात तो काय खातो, कसा गातो, थंडीत कुठे जातो हे सगळं होतं. नावाचा अर्थ नव्हता. शाळेत गुरुजींना विचारलं तर ते म्हणाले, "अरे, नाव आहे ते. नावाला कुठे अर्थ असतो?" मी तेच घरी येऊन सांगितलं. दादांना पटलं नाही. "आसा कसा? नाव कोनीतरी ठेवला आसंल ना? ठेवनाऱ्यानं कायतरी बगितला आसंल."

तो प्रश्न तसाच राहिला. पुस्तक फळीवर राहिलं. अधूनमधून दादा जेवताना मला चिडवायचे, "काय रं, त्या बेलुगाचा लागला का पत्ता?"

पुढे मी कॉलेजात गेलो. आमच्या घरातून कॉलेजात गेलेला मी पहिलाच. कॉलेज नवीन होतं. इमारतीच्या एका बाजूला अजून बांबूंची परांची होती आणि प्राचार्यांच्या खोलीबाहेर ट्रॉफ्यांसाठी एक काचेचं कपाट आणून ठेवलं होतं, ते रिकामं होतं. मराठीचे सर येता-जाता त्या कपाटाकडे बघत. ते वर्गात छान शिकवायचे. मला त्यांचा फार आधार वाटायचा. मी वर्गात उभा राहिलो की अडखळायचो, पण माझे निबंध ते सगळ्यांना वाचून दाखवत आणि म्हणत, "हा मुलगा लिहितो, बघा."

कॉलेजच्या ग्रंथालयात एक जाडजूड इंग्रजी कोश होता. एकदा सहज, खरंच सहज, मी त्यात बेलुगा शोधला. सापडला. रशियन शब्द, पांढरा या अर्थाच्या शब्दावरून. एवढंच. पण मला इतका आनंद झाला की मी तिथेच दोनदा वाचलं. मग पुढे आणखी शोधायची चटक लागली. मुंबईत रशियन पुस्तकांचं एक दुकान होतं, तिथले एक गृहस्थ रशियन शिकलेले होते. त्यांना जाऊन विचारलं. ते म्हणाले, रशियनमध्ये 'बेली' म्हणजे पांढरा, आणि मागचं 'उगा' बहुधा थोरपणा दाखवायला लावलेलं. थोर पांढरा, असं काहीतरी. खरं तर हे नाव आधी एका माशाचं. कॅस्पियन समुद्रातला प्रचंड मासा, पोटाकडून पांढुरका. त्याची काळी अंडी श्रीमंत लोक चमच्याने खातात. देवमाशाला रशियन लोक आता जरा वेगळं, 'बेलुखा' म्हणतात. पण बाहेरच्या जगाने एकच नाव दोघांना देऊन टाकलं.

आणि आणखी एक गोष्ट मला ग्रंथालयातल्या एका पुस्तकात मिळाली, ती माझ्या मनात फार दिवस राहिली. त्या देवमाशाचं पिल्लू पांढरं नसतंच. ते जन्मतं ते काळपट, राखेच्या रंगाचं. वर्षानुवर्षं हळूहळू उजळत जातं. म्हणजे नाव आधी मिळतं, रंग मागून येतो.

हे मी दादांना लगेच सांगितलं नाही. का, ते सांगतो. त्याच आठवड्यात सरांनी जाहीर केलं की या वर्षी आंतरमहाविद्यालयीन वक्तृत्व स्पर्धा आपल्या कॉलेजात होणार आहे. विषय होता 'एका शब्दाचा प्रवास'. मी वर्ग सुटल्यावर सरांकडे गेलो आणि म्हणालो, "सर, माझ्याकडे एक शब्द आहे." सर म्हणाले, "मग लिही. आणि बोलायचंही तूच. भीती मोडली पाहिजे की नाही?" ते असंच म्हणाले होते. तेव्हा मी ठरवलं की दादांना उत्तर द्यायचं ते स्टेजवरून. त्यांनी खुर्चीवर बसून ऐकायचं. सातवीपासूनचा प्रश्न होता, त्याला तेवढा मान असावा असं मला वाटलं.

भाषण लिहायला मला महिना लागला. सुरुवात मी दादांच्या प्रश्नाने केली. मग बेलुगा, रशिया, मासा, देवमासा, काळी अंडी. मग काळपट पिल्लू. आणि तिथून मिठागर. कारण मीठही खाडीच्या पाण्यातून पहिल्यांदा निघतं ते काळपटच असतं, चिखल धरून. दादा ते खाऱ्या पाण्यातच खळबळून फळीने ओढत राहतात, तेव्हा ते पांढरं होतं. उंबऱ्याबाहेर कपडे झटकणारे दादा त्यात आले, कोकमतेल आलं. ज्याला पांढरा रंग कसा येतो ते ठाऊक आहे तोच अशा नावाचा अर्थ विचारत बसतो, असं काहीतरी मी शेवटी लिहिलं होतं.

सरांनी ते वाचलं आणि चष्मा काढून पुसला. म्हणाले, "लेखन उत्तम आहे. आता उच्चार." आणि त्यांनी माझ्या मित्राला सांगितलं, याची तयारी करून घे.

या मित्राबद्दल सांगायला हवं. मीरा रोडला बेव्हर्ली पार्ककडे तेव्हा नव्या बिल्डिंगा उभ्या राहत होत्या, त्यांतल्या एकीत त्याचं कुटुंब दादरहून राहायला आलं होतं. वडील बँकेत. तो शाळेपासून वक्तृत्वाची बक्षिसं मिळवणारा. आवाज असा की शेवटच्या बाकावरचा मुलगाही मान वर करायचा. कॉलेजात पहिल्या दिवसापासून तो माझ्याशेजारी बसला, ते मला मोठंच वाटायचं. तो आमच्या घरी यायचा. आईच्या हातचे बोंबील खाऊन म्हणायचा, "काकू, एक नंबर! आमच्या मातोश्रींना जरा शिकवा." आई त्याला बाला म्हणायची, मला म्हणते तसंच. कॉलेजतर्फे तोही बोलणार होता, 'पाव' या शब्दावर, पोर्तुगिजांपासून वडापावपर्यंत. निदान मला तसं माहीत होतं.

रिकाम्या वर्गात आमची तालीम चालायची. तो बाकावर बसून मला थांबवायचा.

"पानी नाही. पाणी. ण. जीभ वर ने."

"पाणी."

"हां. आणि 'म्हंजी काय' असं म्हणू नकोस. परीक्षक हसतील. 'म्हणजे काय' म्हण."

"पण दादा तसंच म्हणतात."

"अरे, दादा म्हणतात रे, पण ते स्टेजवर नाही आहेत ना. आण इकडे, मी दाखवतो." मग तो उठून माझा परिच्छेद म्हणायचा, कुठे थांबायचं, कुठे आवाज उतरवायचा. माझंच वाक्य त्याच्या तोंडून ऐकलं की मला वाटायचं, हे मी लिहिलंय? एकदा त्याने विचारलं, "तुझे बाबा कपडे झटकतात म्हणजे कसे? करून दाखव." मी करून दाखवलं. त्याने माझ्यामागून केलं. "साल्या," तो हसून म्हणाला, "तुझं भाषण मला तुझ्यापेक्षा जास्त पाठ झालंय." मीही हसलो.

स्पर्धेच्या दिवशी दादा आले. मोसम नुकताच सुरू झाला होता, अशा वेळी मिठागरातून कोणी सुट्टी घेत नाही, पण त्यांनी घेतली. इस्त्रीचा सदरा आणि माझ्या मावसभावाच्या लग्नात घेतलेली चप्पल. टाचा दिसू नयेत म्हणून पाय खुर्चीखाली ओढून बसले होते. मी त्यांच्याच शेजारी बसलो. मी भाषणाचा कागद सारखा उघडत आणि मिटत होतो.

"घाबरतस का रं?"

"थोडा."

"कशाला? शबुद तुला म्हाईत हाय ना? मंग."

बाहेरच्या कॉलेजांची मुलं बोलून गेली. शेवटी यजमान कॉलेज. माझ्या मित्राचं नाव पुकारलं. तो पुढच्या रांगेतून उठला. आमच्याकडे त्याने पाहिलं नाही. मी मनात म्हटलं, आता पाव.

त्याने परीक्षकांना नमस्कार केला, क्षणभर थांबला आणि म्हणाला, "म्हंजी काय?"

सभागृह हसलं. कौतुकाने हसलं.

"माझे वडील मला नेहमी विचारायचे, म्हंजी काय?"

मला काही कळलं नाही. खरंच कळलं नाही. मला वाटलं, तो माझ्या भाषणाची ओळख करून देतोय, आता माझं नाव घेईल. पण पुढे गाडी आली, पुस्तक आलं, हसरा पांढरा प्राणी आला. वाक्यामागून वाक्य, माझ्याच क्रमाने. मी ओठ हलवत होतो. पुढचा शब्द मला आधी कळत होता आणि तो त्याच्या तोंडून येत होता, स्वच्छ, न अडखळता. काळी अंडी चमच्याने खातात तिथे लोक पुन्हा हसले. काळपट पिल्लू आलं तेव्हा सभागृह एकदम शांत झालं. त्या जागी इतकी शांतता होईल हे मला लिहितानाही वाटलं नव्हतं.

मग तो म्हणाला, "माझे वडील मिठागरात काम करतात."

आणि त्याने कपडे झटकून दाखवले. त्याला ते नीट जमलं नाही. त्याने धूळ झटकतात तसं वरवर झटकलं, वाकून पोटऱ्या पुसायचं विसरला. पण लोकांना ते कुठे माहीत होतं? माझ्या पुढच्या ओळीतल्या एक बाई पदराने डोळे टिपत होत्या.

मी दादांकडे पाहिलं. ते पुढे वाकून त्याच्याकडे नुसते बघत होते. कोकमतेलाचं वाक्य आलं तेव्हा ते हळूच मागे टेकले. त्यानंतर त्यांनी स्टेजकडे पाहिलं नाही, हातातल्या रुमालाकडे पाहत राहिले.

टाळ्या खूप वेळ चालल्या. मी माझं नाव पुकारायची वाट पाहत होतो. आता मी काय बोलणार होतो? पण तरी वाट पाहत होतो. परीक्षक उठले, चहाला गेले.

"तुजा नाव कवा हाय?" दादांनी विचारलं.

"विचारून येतो."

सर कॉरिडॉरमध्ये पाहुण्यांशी बोलत होते. मला पाहून त्यांनी खांद्यावर हात ठेवला, बाजूला घेतलं. "अरे, तुला सांगायचं राहूनच गेलं बघ. यजमान कॉलेजला एकच वक्ता, असा नियम आहे. मग म्हटलं, तुझ्यासारखं लेखन आणि त्याच्यासारखा आवाज."

"पण सर, ते माझं..."

"भाषण कॉलेजचं असतं. सगळीकडे असंच चालतं. कोणीतरी लिहितो, कोणीतरी बोलतो. आमच्या वेळी आम्ही नाही का दिली भाषणं लिहून?" मग आवाज जरा मऊ करून ते म्हणाले, "तू स्टेजवर अडखळला असतास, तर त्या भाषणाचं वाटोळं झालं असतं. तुला आवडलं असतं का ते?"

 मला त्या प्रश्नाचं उत्तर तेव्हा सुचलं नाही, आणि ते अजूनही सुचत नाही याचाच मला जास्त राग येतो.

पहिलं बक्षीस मिळालं. मित्राभोवती गर्दी झाली. मी त्याला जिन्याखाली गाठलं.

"तू पावावर बोलणार होतास."

"सर म्हणाले रे. परवा म्हणाले."

"मग मला सांगायचंस ना."

त्याने इकडेतिकडे पाहिलं. "सांगितलं असतं तर तू दिलं असतंस का?" तो म्हणाला. तो खोटं बोलला नाही. मला वाटतं, त्याच्या दृष्टीने तो माझ्याशी प्रामाणिकपणेच बोलत होता. मग त्याने ट्रॉफी माझ्यापुढे धरली. "दोघांची आहे ना यार. धर ना."

मी धरली नाही. तेवढ्यात मागून दादा आले. त्यांनी त्याच्या पाठीवर थाप मारली.

"चांगला बोललास बाला."

"थँक्यू काका."

"तुजा बापूस कनच्या मिठागरान हाय?"

मी दादांकडे पाहिलं. त्यांच्या चेहऱ्यावर चेष्टा नव्हती. राग आहे की नाही तेही मला कळेना. मित्र लाल झाला. आमच्या घरी बसून त्याने किती वेळा सांगितलं होतं की बाबा बँकेत आहेत.

"काका, ते... भाषणात तसं म्हणायचं असतं. म्हणजे खरं नसतं ते."

"खरा नसता?"

"नाही, म्हणजे, प्रभाव पडावा म्हणून."

"हां हां," दादा म्हणाले. "परभाव." आणि पहिल्यांदाच त्यांनी एका नव्या शब्दाचा अर्थ विचारला नाही.

आम्ही खाडीकडच्या बांधावरून घरी निघालो. तो लांबचा रस्ता होता. दोन्ही बाजूंना मिठागरात पाणी आखून ठेवल्यासारखं पसरलं होतं. काही कोंड्यांत, मिठाच्या त्या चौकोनी वाफ्यांत, मीठ धरायला लागलं होतं, काळपट. दादांनी नवी चप्पल काढून हातात घेतली होती. 

मग म्हणाले, "त्या तूच लिवला व्हतास ना?"

"हो."

"तेल आला तवाच मना समाजला. तेलाचा भायेर कोनाला म्हाईत?" ते थोडं चालले. "आता एक सांग. तू दिलास, का त्यांनी घेतला?"

"घेतलं."

"तुला इचारला न्हाय?"

"न्हाय."

त्यांनी श्वास सोडला. "मंग बरा हाय. तू दिला आस्तास, त मना वायट वाटला आस्ता."

मला रडू आलं. मी मागे राहिलो, चपलेत खडा गेल्याचं निमित्त करून. ते थांबले. माझ्याकडे न पाहता म्हणाले, "आनि त्या बेलुगाचा? त्यो 'माझे वडील' म्हनला, तवापासना तेलाबिगर काय कानात शिरला न्हाय. तू सांग. म्हंजी काय?"

मी सांगायला तोंड उघडलं. पहिलं वाक्य मनात तयार होतं, पण ते त्याच्या आवाजात आलं. त्याच्या थांबण्यासकट, 'ण'सकट. दुसरं धरायला गेलो, तेही तसंच. महिनाभर मी ज्या वाक्यांवर बसलो होतो त्यांतलं एकही मला माझं म्हणून उचलता येईना. दादा बांधावर उभे राहून वाट पाहत होते.

"पांढरा," मी शेवटी म्हणालो. "रशियात पांढऱ्याला बेली म्हनतात. त्याच्यावरना बेलुगा. थोर पांढरा."

"यवढाच?"

"यवढाच."

ते हसले. "मी म्हनत व्हतो ना, ठेवनाऱ्यानं बगितला आसंल कायतरी."

पिल्लू काळपट असतं, हे मी त्यांना सांगितलं नाही. तेच त्यांना सगळ्यात आवडलं असतं. पुढेही पुष्कळदा ओठांवर आलं, पण त्या दिवसापासून त्या गोष्टीला टाळ्यांचा आवाज चिकटलेला आहे आणि तो काही केल्या सुटत नाही. घरी पोचल्यावर दादांनी सवयीने उंबऱ्याबाहेर सदरा झटकला. त्या दिवशी त्यावर मीठ नव्हतं. ते त्यांच्या लक्षात आलं, आणि ते तसेच आत गेले.